नानकटाईच्या वड्या, सावकाश

एक दुपार मोकळी ठेवा. सगळी नको. जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला की चहाच्या वेळेपर्यंत जो मधला पट्टा उरतो, तेवढा पुरे. त्या वेळात आपल्याला नानकटाईच्या वड्या करायच्या आहेत. प्रत्यक्ष करणं जमणार नसेल तर मनात करा, मननाला भट्टी लागत नाही. पण खरंच केल्यात तर हातांना जे कळेल ते नुसतं वाचून कळणार नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

घाई करायची नाही. मधेच थांबावंसं वाटलं तर थांबा. तूप वाट पाहतं, पीठही पाहतं. फक्त एकदा भाजायला घातलं की मात्र जवळपास राहा.

आधी आठवण

सामान काढण्यापूर्वी बसा. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर, जमिनीवर, कुठेही. लहानपणी खाल्लेली एक नानकटाई समोर आणा. सगळ्या नकोत, एकच. आणि ‘छान होती’ एवढ्यावर स्वतःला सोडू नका. नीट चौकशी करा.

वरच्या भेगा कशा होत्या? बारीक जाळीदार, की मधून उभी फाटलेली? मध्यभागी काय चिकटवलं होतं? चारोळी, पिस्त्याचा काप, की तांबडी टूटीफ्रूटी? उलटी करून पाहिलीत तर तळ अधिक काळपट होता का? दाताखाली आधी आवाज आला, की आवाज यायच्या आतच ती विरघळली? बोटांना तूप लागलं असणार, ते कशाला पुसलंत?

एकेका प्रश्नापाशी थोडं थांबा. काहींची उत्तरं लगेच येतील, काहींची येणारच नाहीत. न आलेल्यांच्या मागे लागू नका.

आता नजर जरा मागे न्या. ही नानकटाई आली कुठून?

महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत उत्तर सारखंच आहे. मे महिन्याची सुट्टी लागली किंवा दिवाळी तोंडावर आली की मैदा, रवा, साखर आणि तूप नाहीतर डालडा असं सामान पिशवीत भरून जवळच्या बेकरीत न्यायचं. बेकरीवाला वजन करायचा, सगळं कालवायचा, काळ्याभोर पत्र्यांवर गोळे मांडायचा आणि भट्टीत सारायचा. आपल्याआधी दहाजणांचं सामान रांगेत असायचं. भाजणावळ चुकती करून पत्र्याचा डबा घरी आणायचा. डबा कोमट असायचा आणि रस्त्यातच झाकण उघडायची कुणाची तरी इच्छा अनावर व्हायची.

या चित्रात एक माणूस शोधा. पीठ कालवणारा. त्याचा चेहरा आठवतो का? हात तरी? बेकरीपर्यंत पिशवी कुणी उचलली होती? रांगेत कोण उभं होतं? घरचीच नानकटाई असेल तर तूप कुणी फेसलं होतं, आणि त्या वेळी तुम्ही कुठे खेळत होता?

बहुतेकांना डबा आठवतो, भेगा आठवतात, वास तर आठवतोच. पण हात आठवत नाहीत. आठवण चव जपते आणि कष्ट गाळून टाकते. यात कुणाचा दोष नाही. लहान मुलाच्या वाट्याला तयार वस्तूच येते, तेव्हा त्याच्या आठवणीतही तयार वस्तूच राहते. आजच्या दुपारी आपलं काम एवढंच: जे गळलं ते, आपल्या हाताने, एकेक करून परत घालायचं.

सामान

उठा आता. ओट्यावर सामान मांडा, आणि मांडतानाच बघत जा.

२०० ग्रॅम मैदा. ५० ग्रॅम बेसन. २५ ग्रॅम बारीक रवा. १०० ग्रॅम पिठीसाखर. १५० ग्रॅम साजूक तूप, थिजलेलं; पातळ असेल तर थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून घट्ट करून घ्या. अर्धा चमचा ताजी वेलचीपूड, किसणीवर दोन-चार वेळा फिरवलेलं जायफळ, चिमूटभर मीठ. २० सेंटिमीटरचा चौकोनी डबा (ओव्हनऐवजी कढईत भाजणार असाल तर गोल), त्याला आतून बटर पेपर. सोडा नाही, बेकिंग पावडर नाही. फुगवायचं काम आज आपला हात करणार आहे.

या आकड्यांकडे जरा निरखून पाहा. स्कॉटलंडमध्ये शॉर्टब्रेडचं जुनं प्रमाण असं आहे की साखर एक भाग, लोणी दोन भाग, पीठ तीन भाग. लोण्यात सुमारे एक पंचमांश भाग स्निग्ध नसतो, त्यात बहुतेक पाणीच असतं. तूप मात्र जवळजवळ निव्वळ स्निग्ध. म्हणजे आपलं १५० ग्रॅम तूप हे साधारण १९० ग्रॅम लोण्याच्या ठिकाणी उभं आहे. मांडून बघा: साखर १००, लोणी १९०, पीठ २७५. एकास दोनास तीन, जवळपास तेच. दोन देशांतली माणसं आपापल्या परातीत हात घालून एकाच ठिकाणी पोचलेली.

अर्थात युरोपातल्या बेकरीची आणि आपली गाठ अगदीच पडली नव्हती असंही नाही. नानकटाईचं माहेर सुरत. तिथे सांगतात ते असं, की डच व्यापारी सुरतेतून निघाले तेव्हा त्यांची बेकरी तिथे काम करणाऱ्या फरामजी पेस्तनजी दोटीवाला या पारशी गृहस्थांच्या हाती आली. पाव ताडीवर फुगवलेला, म्हणून गावातले पुष्कळ लोक तो घेईनात. मग पाव सुकवून विकणं, त्यातून खारी बिस्किटं, आणि पुढे स्थानिक जिभेला रुचेल अशी तुपाची गोड नानकटाई. दोटीवालांची बेकरी सुरतेत आजही आहे. मुंबईच्या गुजराती वस्तीला सुरतेची ही वस्तू हवीच होती. तिथून ती आपल्या डब्यांत येऊन बसली ती कायमची.

म्हणजे तुमच्या लहानपणच्या त्या एका नानकटाईत एक परका व्यापारी, एक पारशी कामगार, ताडी नको म्हणणारे सुरतकर आणि तुमच्या गल्लीतला बेकरीवाला, एवढी माणसं आधीच होती. सामान मांडताना एकदा त्यांना जागा करून द्या. मग तुपाकडे वळा.

तुपाकडे वळताना एक जरा अवघड प्रश्न स्वतःला विचारा. तेव्हा खरंच तूप होतं का?

वनस्पती तूप म्हणून डालडा १९३७ साली बाजारात आला आणि पुढची कित्येक दशकं पिवळ्या डब्यावरचं ते हिरवं पामचं झाड घराघरांत होतं. साजूक तूप वरणभातावर आणि देवापुढच्या निरांजनात. बेकरीला न्यायच्या पिशवीत मात्र पुष्कळ घरांतून डालडाच जायचा, कारण तो परवडायचा. आज ‘तेव्हाची तुपातली नानकटाई’ म्हणून आपण जिची आठवण काढतो तिच्यात कदाचित तुपाचा थेंबही नसेल. वनस्पती घट्ट आणि लोण्यासारखं मऊ, त्यात हवा चांगली धरली जायची. त्या खुसखुशीतपणात त्याचा वाटा मोठा. पुढे त्यातल्या ट्रान्स फॅटचे हृदयावर होणारे परिणाम कळले, आणि २०२२ पासून आपल्याकडे खाद्यतेलांत आणि अशा स्निग्ध पदार्थांत त्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही असा नियम लागू झाला.

यात खट्टू व्हायचं कारण नाही. उलट थोडं थांबून पाहा, की आठवणीने परस्परच डालड्याचं साजूक तूप करून ठेवलं होतं. हे जिच्या लक्षात येईल तिला आजची वडी ‘तशीच’ व्हायला हवी हा हट्ट सोडणं सोपं जाईल. कशासारखी व्हायला हवी हेच पक्कं नाही, तर कशाला धरून बसायचं?

फेसणं

परात घ्या. तूप परातीच्या मधोमध ठेवा आणि मनगटाजवळच्या तळहाताच्या भागाने ते एका दिशेने पसरा, गोळा करा, पुन्हा पसरा. साखर एकदम घालू नका, तीन हप्त्यांत घाला.

आता फक्त ऐका. सुरुवातीला साखरेची कुरकुर ऐकू येते, पिठीसाखर असली तरीसुद्धा. तूप रवाळ असेल तर त्याचे कण तळहाताखाली वेगळे कळतात. पाचेक मिनिटांनी आवाज बसतो. मग तळहात आणि परात यांच्यामध्ये काहीतरी तिसरंच आल्यासारखं वाटतं, मऊ आणि जरा हलकं. रंगाकडे पाहा. पिवळेपणा फिका होत होत पांढुरका होऊ लागतो. साखरेखेरीज तुपात काही मिसळलेलं नाही, फक्त हवा शिरली आहे. असंख्य बारीक बुडबुड्यांवरून उजेड इकडेतिकडे फेकला जातो, म्हणून ते पांढरं दिसतं.

आपल्याकडच्या बायकांनी याची परीक्षा केव्हाच ठरवून ठेवली आहे. वाटीत पाणी घ्या, फेसलेल्या मिश्रणाचा मण्याएवढा गोळा त्यात टाका. बुडला तर अजून फेसा. तरंगला तर झालं. ही नुसती रीत नव्हे, त्यात हिशोब आहे. नुसतं तूप पाण्यावर तरंगतंच. पण साखर जड, ती मिसळली की गोळा पाण्यापेक्षा जड होतो. पुरेशी हवा आत शिरली की मगच तो पुन्हा वर येतो. वाटीभर पाण्यात आपल्या दंडाची मेहनत मोजली जाते.

आणि आता दंडाबद्दल. दहा-बारा मिनिटांनी खांदा बोलू लागेल. त्याला गप्प करू नका, हात बदला, पण त्याचं म्हणणं ऐकून घ्या. आठवणीतून गळालेली पहिली गोष्ट ही. दिवाळीच्या आधी घरात चकल्या, चिवडा, लाडू, करंज्या असा सगळा पसारा चालू असताना कुणीतरी एक परात घेऊन हेच करत बसलं होतं. तिचा खांदा दुखल्याचं कुणाला सांगितलं गेलं नसेल. सांगितलं असेल तरी मुलांच्या कानावर ते पडलं नसेल.

ती कोण होती? आई, आजी, काकू, आत्या? नाव मनात घ्या. ठाऊक नसेल तर नाव न घेता फेसत राहा. पांढरं झालं की थांबा.

पीठ

मैदा, बेसन, रवा, मीठ, वेलची, जायफळ एकत्र चाळून घ्या आणि फेसलेल्या तुपावर घाला. आता जे करायचं ते रोज पोळ्या करणाऱ्या हाताच्या सवयीविरुद्ध आहे.

कणीक आपण तिंबतो, मळून ठेवतो, पुन्हा मळतो. गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन नावाची दोन प्रथिनं आहेत. पाणी आणि मळण्याचा जोर मिळाला की ती एकमेकांत गुंततात आणि ग्लुटेनची लवचीक जाळी तयार होते. पोळी लाटली जाते, ताणली जाते, फुगते ती या जाळीच्या जिवावर. नानकटाईला नेमकी ती जाळी नको असते. तुपाचा थर पिठाच्या कणांवर चढतो, पाणी जवळपास नसतंच, त्यामुळे प्रथिनांना हात मिळवायला वाव राहत नाही. बेसनात ग्लुटेन नाही, म्हणून ते घातलं की वडी आणखी भुसभुशीत होते; शिवाय खमंगपणा येतो. रवा दाताखाली बारीक कण ठेवतो, नाहीतर सगळं फारच गुळगुळीत झालं असतं.

तेव्हा मळू नका. बोटांच्या टोकांनी फक्त गोळा करा. हात आपसूक मळायला जाईल. लक्षात आलं की थांबवा, रागावू नका. पुन्हा जाईल, पुन्हा थांबवा. वर्षानुवर्षांची सवय आहे ती आणि इतर दिवशी तिचा उपयोगच असतो. आज फक्त तिला येऊ द्यायचं नाही.

मूठभर घेऊन दाबलं की मूठ वळली पाहिजे आणि अंगठ्याने सहज मोडली पाहिजे. एवढं झालं की पीठ तयार. आणखी सुधारत बसायचा मोह होईल. चांगल्या कामातला निम्मा शहाणपणा हात कधी काढून घ्यायचा ते कळण्यात आहे, आणि तो शिकायला हे पीठ बरं.

थापणं

आता डबा. पीठ डब्यात घाला, बोटांनी कोपऱ्यांपर्यंत सारा, मग वाटीच्या बुडाने थापा. वाटीला तुपाचा हात लावला की चिकटत नाही. नारळाच्या वड्या, खोबऱ्याच्या वड्या, बेसनाच्या वड्या ज्या हाताने थापल्या असतील त्याला इथे काही शिकवावं लागणार नाही. डबा डोळ्यांच्या पातळीला आणून बाजूने पाहा. एक कोपरा उंच राहिला असेल तर थोडं दाबून घ्या. मग काट्याने सगळीकडे टोचे मारा, आत वाफ कोंडू नये म्हणून.

आता मनात एक प्रश्न येऊन उभा राहील, त्याला बसायला जागा द्या. नानकटाई गोल असते. आपण हे चौकोनी काय चालवलं आहे?

गोल गोळा पत्र्यावर मोकळा असतो. उष्णतेने वरचा पापुद्रा आधी कोरडा होतो, आतलं पीठ नंतर पसरतं आणि फुगतं, तेव्हा पापुद्र्याला भेगा पडतात. आपल्या वडीला डब्याच्या चारी भिंती धरून ठेवतात, ती पसरणार नाही, म्हणून तशा भेगा पडणार नाहीत. ज्या भेगांवरून आपण मघाशी नानकटाई ओळखली त्याच आज नसणार. हे आत्ताच मान्य करून टाका.

मिळणार काय? गोल नानकटाईत कड आणि मध्य यांत फार फरक नसतो. वडीत असतो. डब्याच्या भिंतीलगतचा भाग कडक, मधला मऊ, आणि दोन्हींमध्ये हळूहळू बदलत जाणारे चार-पाच पोत. शिवाय गोल नानकटाई मोजून वाटता येते, भट्टीतून आल्या आल्या ‘दोन-दोन घ्या’ म्हणता येतं. थापलेल्या पिठाचे अजून वाटे पडलेले नाहीत. ते किती आणि कसे पाडायचे हे तुमच्या सुरीवर आहे. लहानपणी वाटे दुसरं कुणी पाडत होतं. त्याचाही विचार पुढे करू.

भाजणं

ओव्हन १६० अंशांवर आधी तापवून घ्या आणि डबा मधल्या जाळीवर ठेवा. तीस ते पस्तीस मिनिटं लागतील. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या मोठ्या कढईत मिठाचा थर, त्यावर एखादी जाळी, झाकण घालून दहा मिनिटं तापवा, मग गोल डबा आत ठेवून मंद आचेवर भाजा; वेळ थोडा जास्त द्यावा लागतो. अशा मिठावरच्या नानकटाया कितीतरी घरांनी केल्या आहेत, कुणाला ओव्हनवाचून अडलं नव्हतं.

आता खुर्ची ओढून जवळ बसा. उघडून बघू नका. नाकावर सोपवा.

आधी तुपाचा वास येईल, गोडसर. मग वेलची. ती उडून जाणारी, म्हणून सुरुवातीलाच स्वयंपाकघरभर होते. अर्ध्या वेळानंतर तिसरा वास येतो, बेसन भाजताना येतो तसा, खमंग. पृष्ठभागाचं तापमान १४० अंशांच्या आसपास गेलं की प्रथिनं आणि साखर यांच्यात वेगाने अभिक्रिया सुरू होते, तिच्यातून बदामी रंग आणि शेकडो सुवासिक द्रव्यं तयार होतात. लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली तिची पहिली मांडणी केली, म्हणून तिला त्याचं नाव आहे. बेसनाचे लाडू करणाऱ्या बायकांना ‘वास सुटला की पुरे’ एवढ्यात ती कळत होती.

हा तिसरा वास आला की थोडं सावध बसा. पाहिलेलं, ऐकलेलं, स्पर्शाने कळलेलं मेंदूत थॅलॅमस नावाच्या एका ठाण्यावरून पुढे जातं. वासाला ते ठाणं आधी लागत नाही. नाकातून निघालेला निरोप भावना आणि स्मरण यांच्या भागांत जवळजवळ थेट पोचतो. म्हणून वासाने आलेली आठवण आधी येते, आणि ती कशाची हे मागाहून कळतं.

काय येतंय ते येऊ द्या. पण आज एक काम तिला द्या. नानकटाई दिसली की तिला म्हणा, बाजूला हो, मागे कोण आहे ते बघू दे. पिशवी घेऊन निघालेले वडील. ‘अजून दोन तास लागतील’ ऐकून परत घरी जाणारी बहीण. उघड्या बंडीत, कपाळावर घाम, लांब दांड्याच्या फळीने पत्रे आत-बाहेर करणारा कारागीर. मुंबई-पुण्याच्या भट्ट्यांवर अशी कितीतरी माणसं उत्तर प्रदेशातून आलेली असत, अजूनही आहेत. भट्टीशेजारी राहायचं, रात्री पीठ भिजवायचं, पहाटे पाव काढायचा. आपल्या सुट्टीतल्या नानकटाया हे त्यांच्या पावाच्या कामावरचं जादा काम. भट्टी लाकडाची, धूर आधी त्यांच्या छातीत जायचा आणि मग शहरात. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावं असं सांगितलं, तेव्हा ‘आता ती चव राहणार नाही’ अशी हळहळ पुष्कळांनी व्यक्त केली. हळहळ खोटी नव्हे. पण ती करताना भट्टीच्या तोंडाशी उभा असलेला माणूस डोळ्यांपुढे असेल तर वाक्य तिथेच संपत नाही. चव आपल्याला मिळत होती, धूर त्याला.

तुमच्या ओव्हनला आत्ता धूर नाही. तरी दार उघडताना चेहऱ्यावर जी झळ येईल ती एक क्षण नीट लक्षात घ्या. तो दिवसभर या झळेत असायचा.

थांबणं आणि कापणं

कडा फिकट बदामी झाल्या, मध्य अजून पिवळट आहे, असं दिसलं की डबा बाहेर काढा. बोटाने हलकेच दाबलं तर मध्यभागी मऊ लागेल. कच्चं राहिलं असं वाटेल. परत आत ठेवू नका. तूप अजून वितळलेलं आहे. ते थिजलं की वडी आपोआप कडक होते. गरम वडीवरून निष्कर्ष काढायचा नसतो.

दहा मिनिटं थांबा. ही दहा मिनिटं कशानेही भरू नका. भांडी घासायला घेऊ नका, फोन बघू नका. डब्यातून येणारी बारीक कुरकुर ऐकू आली तर ऐका.

मग सुरी. कोमट असतानाच कापायचं. पूर्ण थंड झाली की तूप थिजून सगळं ठिसूळ होतं, आणि सुरी लावली की रेघेवर न कापता मन मानेल तिथे फुटतं. अगदी गरम असताना लावली तर चुरा होतो. सुरी सरळ खाली दाबा, करवतीसारखी ओढू नका. आधी उभ्या रेघा, मग तिरक्या. शंकरपाळ्याच्या आकाराच्या वड्या पडतील आणि कडेला तिकोनी तुकडे उरतील. वड्या तशाच डब्यात राहू द्या, पूर्ण गार झाल्यावरच काढा.

त्या तिकोनी तुकड्यांकडे आता पाहा. नारळाच्या वड्या असोत की खोबऱ्याच्या, नीट चौकोनी वड्या ताटलीत जातात, पाहुण्यांपुढे जातात, शेजारी जातात. कडेचे तुकडे स्वयंपाकघरातच राहतात. ते कोण खायचं? कधी मुलांच्या हातावर पडायचे. आणि मुलं नसली की परात धुण्याआधी, उभ्या उभ्या, वड्या करणारीच ते तोंडात टाकायची. तिने पूर्ण वडी ताटलीत घेऊन, बसून खाल्लेली तुम्ही कधी पाहिली आहे का? आठवून पाहा. उत्तर काहीही येवो, त्यावर लगेच गहिवरून जायची गरज नाही. नुसतं ठाऊक असू द्या.

आज सुरी तुमच्या हातात आहे, वाटे तुम्हीच पाडलेत. मधली वडी कुणाला, कडेचा तुकडा कुणाला, हे एकदा जाणून-बुजून ठरवा. आणि स्वतःसाठी एक अख्खी वडी ताटलीत घ्या. बसा.

खाणं

पहिला घास घेताना जीभ तुलना करायला धावेल. धावू द्या, ती परत येईल. तेव्हापेक्षा गोड कमी, वेलची जास्त, पोत जरा वेगळा, असं काहीबाही ती सांगेल. ते खरंच असेल. दुसऱ्या घासाला तिला विचारा की यात काय काय आहे. तूप आहे. बेसनाचा खमंगपणा आहे. रव्याचा कण आहे. आणि आजवर नानकटाई खाताना जे कधी नव्हतं ते आहे: दंडात थोडं दुखणं, तळहातावर तुपाचा ओशटपणा, चेहऱ्यावर आलेली झळ, दहा मिनिटं नुसतं थांबल्याचा वेळ. लहानपणी या सगळ्याशिवायची नानकटाई तुम्हाला मिळाली होती. ती मिळावी म्हणून हे सगळं दुसऱ्या कुणीतरी स्वतःपाशी ठेवून घेतलं होतं.

इथे डोळे मिटून बसायची गरज नाही. काम उरलं आहे.

आज जे कष्ट आठवणीत परत घातले, त्यांतले निम्मे अंदाजाने घातले. खरी माहिती कुणाकडे तरी अजून आहे. मावशीकडे असेल, मोठ्या भावाकडे, जुन्या शेजारणीकडे. त्यांना विचारा: तूप न्यायचो की डालडा? किलोला भाजणावळ किती पडायची? बेकरीत कोण जायचं, किती वेळ थांबायचं? घरी केल्या तर फेसायचं कोण? बेकरीवाल्याचं नाव काय होतं, आणि त्याचं गाव? ऐकता ऐकता लिहून घ्या, अगदी वाणसामानाच्या यादीमागे लिहिलंत तरी चालेल.

वड्या हवाबंद डब्यात दहा-बारा दिवस सहज टिकतात आणि दुसऱ्या दिवशी वेलची मुरून आणखी चांगल्या लागतात. त्यांची काळजी नाही. माहीतगार माणसांची मात्र वयं झाली आहेत. तेव्हा फोन आधी करा, डबा नंतर भरा.